गोव्याचं इन्क्विझिशन: छळ कोणाचा झाला, कोणी केला?

कवळेकर
आमची कुलदेवता फोंडा तालुक्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. मूळ स्थान दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं केळशी. यंदा दर्शनाला गेलो तेव्हा पुतण्याने विचारलं, "काका, देवी केळशीहून इथे का आली?" पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून, असं सांगितलं. "म्हणजे तेच इन्क्विझिशन का?" इन्क्विझिशन म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेपासून ढळणाऱ्यांवर खटले चालवणारं न्यायालय, एवढंच मला ठाऊक होतं; नीट उत्तर देता येईना. घरी येऊन मिळेल ते वाचलं. आता वाटतं, आपण दोन वेगळे छळ एकात कालवून सांगतो.

देवळं पाडली ती सरकारी हुकमांनी: १५४० च्या सुमारास तिसवाडीत (म्हणजे गोवा बेटावर), १५६७ मध्ये सासष्टीत. पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थेच्या हवाली करण्याचा १५५९ चा कायदाही राजाचाच. इन्क्विझिशनचं न्यायालय आलं १५६० मध्ये, आणि त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. सुरुवातीला पोर्तुगालहून आलेले ज्यू वंशाचे ख्रिस्ती, नंतर इथलेच नवख्रिस्ती. या न्यायालयाचं १७३६ चं फर्मान वाचा. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही, दारात तुळस नको, एकादशीचा उपास नको, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. हे सगळं ख्रिस्ती घरांसाठी होतं. धर्म बदलून दीडदोनशे वर्षं झाली तरी न्यायालय भाताच्या हंडीत डोकावत होतं. ज्यांना 'आपले' म्हटलं त्यांनाच सर्वात जास्त छळलं. हे आपण सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रानवारा
कवळेकर, अभ्यास केलात हे चांगलं, पण मांडणी पटली नाही. 'मुख्य रोख ख्रिस्ती लोकांवर' म्हटलं की वाचणारा पुढचं वाचत नाही, हिंदूंना फारसं काही झालंच नाही असं समजून मोकळा होतो. धर्मांतराला आडकाठी केली किंवा बाटलेल्याला परत ओढायचा प्रयत्न केला, तर हिंदूलाही हेच न्यायालय पकडत असे. गाव सोडलेल्यांच्या जमिनी गेल्या. मंगेश कुशस्थळीहून गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, सप्तकोटेश्वर दिवाडीहून नदीपल्याड नार्व्याला नेला. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं. कुलदैवत डोक्यावर घेऊन होडीत बसणाऱ्या माणसाला 'तुझ्यावरचा हुकूम व्हाइसरॉयचा, इन्क्विझिशनचा नव्हे' हे सांगून काय उपयोग?

मध्यममार्गी
आकड्यांकडेही बघा. १७७४ पर्यंत १६,००० वर खटले, पण प्रत्यक्ष जाळलेले ५७. त्या काळचा युरोप पाहिला तर हे काही वेगळं नव्हतं. चारशे वर्षांपूर्वीच्या राज्याला आजच्या फुटपट्टीने मोजू नये.

दप्तरदार
मध्यममार्गी, ५७ हा आकडा छळ मोजायला अपुरा आहे. उरलेल्यांचं काय झालं ते पाहा. आरोप कोणी केला हे आरोपीला कळत नसे. मालमत्ता जप्त होई. शेजारी, नोकर, सख्खे नातेवाईक यांची साक्ष चाले. जुन्या गोव्यात आदिलशाही वाड्यात हे न्यायालय बसे. लोक त्याला नुसतं 'व्हडलें घर' (मोठं घर) म्हणत, त्यापुढे बोलायची सोय नव्हती. गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य १५६८ मध्ये वारला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला होता. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीतल्या बागेला आज त्याचं नाव आहे.

आणि त्या काळातही हे सगळ्यांना मान्य नव्हतं. खुद्द लिस्बनच्या सरकारने १७७४ मध्ये गोव्याचं न्यायालय बंद केलं, राणी मारिया गादीवर आल्यावर १७७८ मध्ये पुन्हा उघडलं, १८१२ मध्ये कायमचं मिटवलं. राज्याच्या एका कागदाने जे बंद होतं, ते राज्याचंच काम. चर्च की राजा, हा वाद मला म्हणून निरर्थक वाटतो. कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला, हा १६८४ चा हुकूमही व्हाइसरॉयचाच.

सासष्टीची
मी गोव्याची ख्रिस्ती, शाळा मुंबईत मराठीतून झाली. हा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण चौथ्या-पाचव्या वाक्याला कोणीतरी विचारतंच, "मग तुम्ही परत का येत नाही?" म्हणून खरं तर मला हा विषय नकोसाच वाटतो. पण १७३६ चं फर्मान वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावतात, रोस म्हणतात त्याला. बायका भोवती उभ्या राहून ओव्या म्हणतात. माझ्या आजीला पन्नासेक पाठ होत्या. यावर कधीकाळी बंदी होती हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे कोणीतरी दार लावून त्या म्हणत राहिलं असणार. रानवारा, ती बाईही छळ सोसलेलीच ना? तिला तुमच्या बाजूला धरायचं की दुसऱ्या?

रानवारा
ताई, 'परत या' असं मी कोणाला कधी म्हटलेलं नाही, आणि म्हणणाऱ्यांची बाजूही घेणार नाही. तुमची आजी आमचीच. पण देवळांची गोष्ट मी हळू आवाजात सांगणार नाही. कोणाच्या पोटात गोळा येतो म्हणून इतिहास गिळता येत नाही.

सासष्टीची
गिळा असं मी म्हणतच नाही. तुम्ही माझ्याकडे बघून सांगता, एवढंच म्हणणं आहे. तो हुकूम माझ्याही दारावर आला होता.

कवळेकर
रानवारा, तुमचा एक मुद्दा मान्य. 'मुख्य रोख' लिहिताना हिंदूंवरच्या खटल्यांचा उल्लेख करायला हवा होता, तो राहिला. बाकी माझं मत तेच. आणखी एक, मूर्ती अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात, नेल्या तेव्हा तो मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग आपल्या देवीला जागा त्याच्या राज्यात मिळाली?" हो म्हटलं.

सासष्टीची, त्या ओव्यांतल्या कोणाला आठवत असतील तर इथे लिहाल का?

सासष्टीची
मावशीला विचारते. तिला दोन-तीन तरी येतात.