विळा-कणसाला कधी मत दिलंय? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव सांगा

परवा कुंडलहून येताना एसटीत शेजारच्या आजोबांनी माझ्या पिशवीवरचा लाल बिल्ला बघितला. बिल्ला युनियनचा. ‘कम्युनिस्ट काय वो तुम्ही?’ हो म्हटलं. ‘मी बी. निम्मं आयुष्य मोर्च्यात गेलं,’ म्हणाले. मग खिडकीकडं बघत, ‘पण मत न्हाय दिलं कधी.’ आणि खुदकन हसले.

तेव्हापासून ते हसणं डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. १९५७ ला साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील भाकपचे (भारतीय कम्युनिस्ट पक्ष, चिन्ह विळा-कणीस) खासदार झाले. त्यानंतर तिथून लाल खासदार झाला नाही. नाना १९६७ ला पुन्हा लोकसभेत गेले, पण बीडमधून! असं का झालं यावर अभ्यासपूर्ण लेख नकोत, ते मीही पाडू शकतो. घरातलं, बूथवरचं, मोजणीच्या टेबलावरचं सांगा. भाकप, माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट), शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), लाल निशाण पक्ष, सगळं चालेल. नावं टाळा.

कोरेगाव, निवृत्त शिक्षक

आमच्या आज्जीनं १९५७ ला नानांना मत दिलं होतं. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, हातातली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. आज्जी आडोशाच्या आत गेली आणि बाहेर येईना. पोलिंगवाल्या मास्तरांनी हाक मारली तर आतून म्हणते, ‘थांबा, पाया पडत्ये.’ पेटीला हात जोडून मग चिठ्ठी टाकली. हे ती नव्वदीतही तसंच सांगायची, मास्तरांच्या आवाजासकट.

मी कॉलेजात लाल पुस्तकं वाचायला लागल्यावर मोठ्या ऐटीत तिला म्हटलं, आज्जे, तू कम्युनिस्टांना मत दिलंस. ती भडकली. ‘मी कुणा कम्युनिसाला दिलं न्हाय. नानाला दिलं.’

कराड

मास्तरांच्या आज्जीनं एका वाक्यात निकाल लावला, तरी थोडी भर घालतो. ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राचं होतं. आमच्या कराडात खुद्द यशवंतराव चव्हाण शेकापच्या केशवराव पवारांसमोर थोडक्यात वाचले, मुख्यमंत्री असून. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट आणि त्यात नानांचं नाव.

दुसरं असं, की प्रतिसरकारचं (बेचाळीसनंतर इंग्रजांविरुद्ध इथं चालवलेल्या समांतर सरकारचं) पुण्य एकट्या लाल बावट्याच्या खात्यावर कधीच नव्हतं. नाना भाकपमध्ये, नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड शेकापमध्ये, किसन वीर काँग्रेसमध्ये. १९६२ ला साताऱ्यातून किसन वीरच खासदार झाले. येरवड्याचा तुरुंग फोडून आलेला माणूस समोर असताना मतदाराला ‘क्रांती हवी तर इकडं या’ असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सांगली जिल्हा, पोलिंग एजंट (तालुका सांगत नाही, ओळखतील)

एका विधानसभेला मी पक्षाचा बूथ एजंट होतो. एकटाच. मोठ्या पक्षांचे पाळीनं बसतात, त्यांना डबे येतात. मला बायकोनं दशम्या बांधून दिल्या होत्या.

मतदानाआधी नव्वद मिनिटं मॉक पोल असतो. एजंटांच्या समोर किमान पन्नास मतं टाकून मशीन बरोबर चाललंय का बघतात, आणि प्रत्येक उमेदवाराला निदान एक तरी मत टाकावंच लागतं. साहेब म्हणाले, घ्या, दाबा तुम्हीच. मी आमचंच बटण दाबत राहिलो. शेजारचा एजंट म्हणाला, दाब गड्या दाब, आज तुझं राज्य! मोजून बघितलं, आम्हाला अकरा. मग ती मतं पुसली, मशीन सील केलं, सीलवर सह्या केल्या. माझी सही सगळ्यात मोठी.

मोजणीला गेलो तेव्हा त्या बूथचं मशीन आमच्या टेबलावर येईपर्यंत दुपार झाली होती. एजंटांना बसायचा क्रम ठरलेला असतो, आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, अपक्ष शेवटी. आम्ही मधेच कुठंतरी. जाळीतून आकडा दिसेना, म्हणून पुढच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘चार.’ चाळीस असेल म्हणून पुन्हा विचारलं. चारच.

चौघांत एक मी. बायकोला विचारलं, ती म्हणाली दिलं. राहिले दोन. गावात आमच्या शेतमजूर युनियनच्या पावत्या साठच्या वर होत्या. त्यानंतर महिनाभर रस्त्यात जो भेटेल त्याच्याकडं मी ‘तू का रे तो?’ अशा नजरेनं बघायचो. बायको म्हणायची, तिसरा शोधू नका, भांडणं होतील.

आटपाडी

चिन्हाचं बघा की आधी. आमच्यात दोन निवडणुका यावरच वाद झाला, की कणीस कशाचं? एक म्हणतो गव्हाचं. अरे, गव्हाला ओंबी असते, कणीस नसतं! कार्यकर्ता आला तर त्यालाच विचारलं. तो म्हणाला, श्रमाचं. गेला मग तो बाजूच्या वस्तीवर.

वाळवा तालुका, अंगणवाडी सेविका

माझं लांबेल, सांभाळून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये संप झाला त्यात मी होते. साड्या एकसारख्या, हातात लाल झेंडा, आझाद मैदानापर्यंत गेलो. सासूबाई पोरांना सांभाळायच्या आणि टीव्हीवर आमची गर्दी दिसली की शेजारणींना बोलवायच्या. घरात लाल झेंड्याला कुणाचा विरोध नाही, हे आधी लिहून ठेवते.

निवडणूक आली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, यावेळी आपल्या युनियनच्या पक्षाला देऊ या. तो बिचारा जेवता जेवता थांबला. म्हणाला, ‘ऊस अजून उभा हाय.’ बस्, एवढंच. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. आमच्या इथं सोसायटीचं कर्ज, कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी, पोराची नोकरी, दवाखान्याचं बिल कमी करणं, सगळे दोर एकाच खुंटीला, कारखाना ज्याच्या हातात त्याच्या. तोड पंधरा दिवस लांबली तर उसाचं वजन घटतं, तुरा येतो, कुणी तुम्हाला शिक्षा दिली असं म्हणतासुद्धा येत नाही. मागं एकदा आमच्या भावकीतल्या एकाची तोड अशीच लांबली होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही.

मत गुप्त असतं, मलाही माहीत आहे. पण आमच्या वस्तीच्या बूथवर किती मतं कुठं गेली हे मोजणीच्या संध्याकाळी कळतंच. मी कुणाला दिलं ते इथंही सांगणार नाही. वरच्या एजंट भाऊंनी तिसरा शोधू नये.

पाटण

वडील लालबागच्या गिरणीत होते. त्यांचं मत मुंबईतच. आमच्या खोऱ्यातल्या हजारो माणसांची मतं अशी परळ-लालबागला पडली. कॉम्रेड डांगे तिथून खासदार झाले त्या १९५७ च्या आकड्यात सातारी मतं किती असतील, कुणी मोजली आहेत? १९७० ला भाकपचे आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी हरल्या, त्या रात्री वडील खोलीवर जेवले नाहीत म्हणतात.

८२ चा संप लागला, गावी आले, ते कायमचेच. इथं मतदार यादीत नाव घातलं आणि पहिल्याच निवडणुकीला चुलत्यानं सांगितलं, ‘आपल्या आळीचं ठरलंय.’ वडील काही न बोलता आळीबरोबर गेले. मुंबईत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस! मी विचारलं तेव्हा म्हणाले, तिथं गिरणीतलं खातं एक होतं, इथं बांध एक आहे.

इस्लामपूर

पाटणकरांशी सहमत. आपली माणसं परगावी पिकतात. नाना बीडला, आमच्या ढवळीचे शेकापचे एन. डी. पाटील सर १९८५ ला विधानसभेवर गेले ते कोल्हापुरातून. नागनाथअण्णा मात्र वाळव्यातूनच दोनदा, १९५७ ला शेकापचे आणि १९८५ ला अपक्ष. दुसऱ्यांदा पक्षच नव्हता सोबत, तरी आले. घ्या, आणि म्हणे पक्षाची कामगिरी.

कासेगावच्या श्रमिक मुक्ती दलाचं धरण-पाण्याचं काम तर मतपेटीच्या बाहेरच राहिलं. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

सांगली

अनामतीबद्दल कुणीच लिहिलं नाही! लोकसभेला पूर्वी पाचशे रुपये होती. १९९६ ला दहा हजार झाली, २०१० पासून पंचवीस हजार. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही की जप्त. आम्ही दहा-दहाच्या नोटा गोळा करून भरली होती एकदा. मोजणाऱ्या कारकुनानं दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी भरली. तिसऱ्यांदा जुळली. निकालानंतर एका हमालानं विचारलं, ‘पैसे परत कधी मिळणार?’ त्याचे वीस रुपये होते.

खानापूर तालुका, ग्रामपंचायत सदस्य

मी लाल आहे आणि निवडून आलेलो आहे. पण कुठल्याच यादीत सापडणार नाही, कारण ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. माझं चिन्ह कपबशी होतं. सात मतांनी आलो. तीही भावकीची, पक्षाची नव्हेत, एवढं मला कळतं.

विधानसभेला आमच्या गावात विळा-कणसाला किती पडतात विचारू नका. पण गेल्या आठवड्यात विरोधी पॅनेलचा पोरगा रात्री घरी आला, टेंभू सिंचन योजनेच्या पाणीपट्टीवरून सोमवारी तहसीलवर मोर्चा काढायचा म्हणून. त्याचा नेता येणार नव्हता. म्हणाला, ‘काका, पुढं तुम्हीच व्हा.’ होतो म्हटलं.

जाताना उंबऱ्यात थांबला. ‘झेंडे हायत का तुमच्याकडं?’

‘हायत. काठ्या तू आण.’