ताठरता, आखडणे आणि प्रतिक्षिप्त क्रिया : पार्किन्सनच्या संदर्भात

प्रश्न : पार्किन्सनच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत तयार करीत आहे. मूळ मजकुरात 'रिजिडिटी' आणि 'स्पॅस्टिसिटी' असे दोन शब्द येतात, पण कोशांत मला दोन्हींसाठी 'ताठरता' हाच शब्द मिळतो. शिवाय मी असे एक वाक्य लिहिले आहे : 'उपचारांमुळे मेरुदंडाच्या प्रतिक्षिप्त क्रिया (आपोआप घडणाऱ्या हालचाली) मंदावतात आणि स्नायूंची ताठरता कमी होते.' हे वाक्य योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : 'ताठरता' हा शब्द केवळ 'रिजिडिटी'साठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. डॉक्टर रुग्णाला हात सैल सोडायला सांगतात आणि त्याचे मनगट आपल्या हातात घेऊन सावकाश फिरवतात. पार्किन्सनमध्ये मनगट संथ फिरवले काय किंवा भरभर फिरवले काय, वाकवताना आणि सरळ करताना जवळजवळ सारखाच विरोध जाणवतो. त्यात मधूनमधून अडखळ जाणवली, तर तिला दातेरी चाकासारखी ताठरता म्हणतात. लक्षण पुसट असेल, तर रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघडमीट करायला सांगतात आणि तेवढ्याने तपासल्या जाणाऱ्या मनगटातला विरोध वाढतो. म्हणजे ताठरता ही मुख्यतः दुसऱ्याच्या हाताला कळणारी गोष्ट आहे. रुग्ण स्वतः 'अंग आखडलंय', 'खांदा धरलाय' असेच सांगतो, आणि पुष्कळदा सुरुवातीला त्यावर खांद्याचेच उपचार होत राहतात. म्हणून पत्रकात लक्षणांची ओळख करून देताना 'आखडणे' वापरावे आणि तपासणीविषयी लिहिताना 'ताठरता'. 'ताठा' मात्र टाळावा, कारण मराठीत तो माणसाच्या स्वभावाला चिकटलेला शब्द आहे.

स्पॅस्टिसिटी वेगळी असते. ती पक्षाघातानंतर किंवा मेरुरज्जूला इजा झाल्यावर दिसते. त्यात अवयव जितक्या वेगाने ताणावा तितका विरोध वाढतो आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. पार्किन्सनमध्ये ही गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया सहसा नेहमीसारखीच असते. त्यामुळे 'स्पॅस्टिसिटी' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'वेगाने ताणल्यास वाढणारा आखडलेपणा' असा खुलासा द्यावा.

आता आपल्या वाक्याकडे वळतो. 'मेरुदंड' म्हणजे मणक्यांचा कणा. त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरासाठी 'मेरुरज्जू' हवे ('मज्जारज्जू'ही रूढ आहे, पण एकाच पत्रकात दोन्ही नकोत). 'मंदावतात' या क्रियापदातली अडचण अधिक गंभीर आहे, कारण मेरुरज्जूतली साधी प्रतिक्षिप्त क्रिया या आजारात मुळात फारशी वाढलेलीच नसते. मनगटाचा स्नायू अचानक ताणला, तर साधारण 30 मिलिसेकंदांनी पहिला प्रतिसाद उमटतो. तो मेरुरज्जूतल्या जवळच्या वाटेने येतो आणि पार्किन्सनमध्ये फारसा बदललेला नसतो. त्यानंतर, 50 ते 60 मिलिसेकंदांच्या सुमारास उमटणारा दुसरा प्रतिसाद मात्र वाढलेला आढळतो, हे टॅटन आणि ली या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवले, आणि या दुसऱ्या प्रतिसादाची वाट मेंदूपर्यंत जाऊन येते असे मानले जाते. तो वाढणे हेच ताठरतेचे पुरेसे कारण आहे का, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

याचा अर्थ मेरुरज्जूचा काही संबंधच नाही, असे नव्हे. वॉल्श या संशोधकांनी 1924 मध्ये ताठर स्नायूत प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचले तेव्हा ताठरता उतरली. म्हणजे स्नायूकडून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या संवेदनांची फेरी चालू असल्याखेरीज ताठरता टिकत नाही. पुढे डेल्वेड या संशोधकांच्या मोजमापांत असे दिसले की, स्नायूवर ताण आला असता कंडरेतून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतून) निघणारा आणि त्याच स्नायूला आवरणारा जो संदेश असतो, त्याचा परिणाम या रुग्णांत क्षीण झालेला असतो. बिघडते ती मेरुरज्जूतली आवरण्याची क्रिया, आणि ती बिघडते वरून, म्हणजे मेंदू आणि मस्तिष्कस्तंभाकडून येणाऱ्या नियंत्रणामुळे.

पार्किन्सनवरचे नेहमीचे औषध लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन (या आजारात मेंदूत कमी पडणारे रसायन) बनते, म्हणून ते काम करते वरच्या टोकाला. गोळीचा असर ओसरू लागला की ताठरता परत येते, हे घरच्या माणसांना घड्याळ न पाहताही कळते. मेंदूत विद्युत्प्रवाह देण्याच्या शस्त्रक्रियेत हे आणखी स्पष्ट दिसते. फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मेंदूच्या खोल भागातल्या सबथॅलॅमिक केंद्रकासाठी ही पद्धत वापरायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णाचे मनगट फिरवत राहतात आणि प्रवाह योग्य जागी पोचला की काही सेकंदांतच ते सैल पडते. अशा उत्तेजनाने ती क्षीण झालेली आवरण्याची क्रिया पुन्हा वाढते, असेही मोजमापांत दिसले आहे.

तेव्हा वाक्य असे करावे : 'उपचारांमुळे मेंदूकडून मेरुरज्जूवर होणारे नियंत्रण सुधारते आणि स्नायूंची ताठरता कमी होते.'

पुढील शंका : सामान्य वाचकाला ताठरता आणि स्पॅस्टिसिटी यांतला फरक कळला नाही, तर काय बिघडते? दोन्हींसाठी एकच सोपा शब्द ठेवला तर चालणार नाही का?

उत्तर : चालणार नाही, कारण औषधे वेगळी आहेत. बॅक्लोफेन हे औषध मुख्यतः मेरुरज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रिया दाबते, म्हणून ते स्पॅस्टिसिटीसाठी देतात. पार्किन्सनच्या ताठरतेवरचा तो नेहमीचा उपचार नाही आणि या रुग्णांना त्याने गुंगी किंवा भ्रम होऊ शकतो. पक्षाघात झालेल्या नातेवाइकाला 'ताठरतेवर' दिलेली गोळी आपल्याही उपयोगी पडेल, असे पत्रक वाचून कोणाला वाटू नये, एवढ्यासाठी तरी शब्द वेगळे हवेत. पार्किन्सनवरच्या ट्रायहेक्सिफेनिडिल या औषधाचा उल्लेख ताठरतेच्या परिच्छेदातच येऊ द्यावा, पण वृद्धांना त्याने विसरभोळेपणा आणि लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो, हे त्याच वाक्यात लिहावे.

पत्रकाच्या शीर्षकात केवळ 'कंपवात' असेल, तर त्याला 'पार्किन्सनचा आजार' हे शब्द जोडावेत. या आजाराचे वर्णन करणारे जेम्स पार्किन्सन यांच्या 1817 च्या वर्णनातही कंपच पुढे होता, ताठरतेकडे लक्ष वेधले ते पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी. ज्यांचा हात कापत नाही पण खांदा आणि मान आखडलेली आहे, अशा रुग्णाने 'कंपवात' वाचून पत्रक बाजूला ठेवण्याची शक्यता आहे.