जुनी एफसी पिकअप घेऊ का? इंजिन ट्रॅक्टरचं, कागद वारलेल्या आजोबाच्या नावावर

कापूसकोंड्या (दारव्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावापासून 11 किमीवर एका वाड्याच्या मागं कडूनिंबाखाली महिंद्राची एफसी 150 पिकअप उभी आहे, तीच ती नाक नसलेली, ड्रायव्हर इंजिनच्या बाजूला चिपकून बसते ती. लहानपणी हिच्याच डाल्यात कापसाच्या ढिगावर बसून आम्ही पोट्टे जिनिंगवर जायचो, म्हणजे गाडी दुसऱ्याची पण ओळख जुनी. आता तिथला नातू म्हणते 1 लाख 30 हजार द्या अन् घेऊन जा, नाहीतर भंगारवाला येऊनच राहिला.

काल पाहून आलो. चेसी वरून बरी दिसली, पण डाव्या दरवाज्याच्या खाली बोट लावलं तर पत्रा पापडासारखा हातात आला. उजव्या सीटखाली कोंबडी अंड्यावर बसलेली, तिला उठवायला नातवाची आई तयार नाही, म्हणून त्या सीटखालचं पाहणंच झालं नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सेल्फ मारला तर चौथ्यांदा चालू झाली, सगळं अंगण पांढऱ्या धुराने भरलं. पेट्रोल इंजिन कधीचंच काढून टाकलं, आता इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरचं डिझेल आहे. आरसी बुक 1972 चं, आजोबाच्या नावावर, ते वारून 9 वर्षं झाली. सगळं मिळून माझं बजेट 3 लाख. धंद्याला लावायची नाही, घरची हौस आहे. विंटेजमध्ये पासिंग होते म्हणतात, ते खरं का? बायको अजून बोलली नाही, म्हणजे तिला माहीतच नाही.

धुरळा_वर्धा

भाऊ नका पडू यात. 15 वर्षांच्या वरची गाडी सरकार उचलून नेते आता, पैसे पाण्यात.

जीपवाला_परतवाडा

धुरळा भाऊ, काऊन भेवाडून रायले त्याले. ते 10 वर्ष डिझेल अन् 15 वर्ष पेट्रोलचं दिल्ली-एनसीआरचं हाय, दारव्ह्याले कोण येते उचलाले. इकडं पासिंग रिन्यू करा, टॅक्स भरा, चालवा.

आता कापूसकोंड्या, गाडीचं ऐक. एफसी म्हंजे आपली जुनी जीपच, खाली सगळं तेच, फक्त केबिन उचलून समोर ठेवली. एक्सल, गियरबॉक्स, ट्रान्सफर केस यायचं सामान जीपवाल्यायकडं भेटते, त्याचं टेन्शन घेऊ नको. टेन्शन पत्र्याचं अन् काचेचं. केबिनचा पत्रा तयार कुठंच भेटत नाही, लोहाराजवळ बसून ठोकून घ्या लागते, अन् समोरची काच फुटली असंल तं सहा महिने शोधत बसशीन. काच शाबूत हाय का हे तू लिहिलंच नाही.

धुराचं म्हणशीन तं लय दिवसानं चालू केल्यावर पांढरा धूर येतेच. दहा मिनिटं चालू देजो, मंग धूर गेला तं नोझल-पंपावर भागंल. नाही गेला अन् रेडिएटरमंधी बुडबुडे दिसले तं हेड खोला लागते. ऑइलची दांडी काढून पाहजो, चहासारखं दुधाळ असंल तं पाणी मिसळलं, मंग भाव तिथंच 40 हजारानं पाडजो.

अन् एक महत्त्वाचं. ट्रॅक्टरचं इंजिन वजनी अन् धडधड लय करते. ज्यानं बसवलं त्यानं माउंटिंग, म्हंजे इंजिन धरून ठेवणारे ब्रॅकेट, चेसीले वेल्डिंग मारून चिपकवली असंल तं त्याच्या आजूबाजूले बारीक तडा पाहजो, केसाएवढा असते, ग्रीसखाली लपते. रॉकेलच्या फडक्यानं पुसून टॉर्च तिरपा धरजो. स्टेअरिंग बॉक्स जिथं चेसीले बोल्ट होते तिथंही तेच. मी एका गाडीत हे पाहलं नाही, चिखलदऱ्याच्या घाटात स्टेअरिंग फिरवलं अन् चाक दोन सेकंद उशिरा फिरलं. दोन सेकंद लय असते बाप्पा.

रिकाम्या गाडीचं मागचं अंग हलकं राहते, सगळं वजन समोर. ट्रायल घेतानी ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबू नको.

कागदी_घोडा (अकोला)

गाडीचं जीपवाला भाऊंनी सांगितलंच, मी कागदावर बोलतो कारण माझे हात तिथं पोळलेले आहेत.

विंटेजचा नियम 2021 चा आहे. 50 वर्षांच्या वरची गाडी, मूळ रूपात ठेवलेली, नवीन नोंदणीला 20 हजार फी, 10 वर्षं मुदत, नंबरमध्ये व्हीए अक्षरं. तुमची गाडी 1972 ची, म्हणजे वयात बसते. पण दोन ठिकाणी अडकते. एक, तो नियम दुचाकी अन् एम1 म्हणजे माणसं बसायच्या चारचाकीसाठी आहे, डाल्याची पिकअप मालवाहू गाडीत मोडते. दोन, मूळ रूप म्हणतात तिथं तुम्ही ट्रॅक्टरचं इंजिन घेऊन उभे राहणार. अन् हे सगळं जमलं असतं तरी विंटेज नंबरवर गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणून विंटेज डोक्यातून काढा, आहे त्याच नोंदणीवर जिवंत करायचं पाहा.

आता आरसी बुक उघडा. त्या काळच्या बऱ्याच पिकअपवर प्रायव्हेट कॅरिअर लिहिलेलं असते आणि लोक म्हणतात बघा, प्रायव्हेट आहे! तसं नाही. 1939 च्या जुन्या कायद्यात प्रायव्हेट कॅरिअर म्हणजे स्वतःचा माल वाहणारी मालवाहू गाडीच, घरची कार नव्हे. म्हणजे दरवर्षी फिटनेस आलं, पर्यावरण कर आला, मागची थकबाकी आली. तो आकडा आरटीओत जाऊन काढा अन् मग भाव बोला.

नाव ट्रान्सफर सरळ तुमच्या नावावर होणार नाही. आधी फॉर्म 31 वर वारसाच्या नावावर, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र लावून, मग 29 आणि 30 वर तुमच्याकडे. नातू म्हणते माझीच आहे, पण काका-आत्या किती आहेत ते विचारा. इंजिन बदललेलं आरसीवर चढवलंय का तेही पाहा, नसेल तर तिथं वेगळी परवानगी लागते. एवढी जुनी गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागेल, त्याशिवाय पुढचा एकही कागद सरकत नाही.

माझी गोष्ट. एका एजंटकडून जीप घेतली, बोनेटखालच्या प्लेटवरचा नंबर आरसीशी जुळत होता, मी खूश. इन्स्पेक्शनला साहेबांनी चेसीवर ठोकलेला नंबर पाहिला, तो दुसऱ्याच गाडीचा. प्लेट नवीन रिव्हेट मारून लावलेली. आता जीप गोठ्यात आहे, म्हशीपेक्षा जास्त जागा खाते आणि दूध देत नाही. तर प्लेटवर जाऊ नका, चेसीवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तशी छाप उमटते. अन् गंज काढायला ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर गेला की गाडी गेली.

धुरळा_वर्धा

बरं मी चुकलो. पण 1.30 जास्तच आहे यार.

जीपवाला_परतवाडा

जास्तच हाय. कागद नसन तं वजनाच्या भावात घे, अन् मूळ पेट्रोल इंजिन त्यायच्या घरी कुठं पडलेलं हाय का ते पाह. तेच एफ-हेड इंजिन सीजे-3बी जीपमंधी होतं, सामान अजून भेटते. पण तेही आताच सांगून ठेवतो, पेट्रोलवर 7-8 च्या वर देत नाही अन् आपल्या मे महिन्यात इंजिन केबिनमंधीच असल्यानं पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद. आमचा मिस्त्री पंपावर ओलं पोतं गुंडाळायचा.

कापूसकोंड्या (दारव्हा)

मंडळी अपडेट देतो. परत गेलो, या वेळी पेन्सिल, कागद, रॉकेल, टॉर्च सगळं घेऊन. चेसी नंबर आरसीशी जुळला, छाप घरी आणली. बुकात प्रायव्हेट कॅरिअरच लिहिलंय, कागदी घोडा भाऊ मानलं तुम्हाला. इंजिन चढवलेलं नाही. उजव्या माउंटिंगजवळ तडा सापडला, बोटभर लांब. काच शाबूत आहे. वारस चार निघाले, त्यातली एक आत्या सुरतला, तिचं अन् यांचं दहा वर्षं बोलणं नाही.

मूळ इंजिनचं विचारलं तर आजी म्हणाली मागच्या खोलीत आहे, त्यावर तुरीची पोती ठेवलीत. पोती हलवून पाहिली, खरंच आहे, कार्बोरेटरसकट. नातवाला सांगितलं आत्याची सही आण, मग 80 हजार देतो, इंजिन त्यातच. तो दिवाळीला सुरतला जातो म्हणते. तोवर भंगारवाल्याला देऊ नये म्हणून 2 हजार बयाणा देऊन चिठ्ठी लिहून घेतली. त्या उजव्या सीटखालचं अजून पाहायचंच आहे, कोंबडीची पिल्लं निघाली पण ती तिथून हलत नाही.