कोर्टाने बाईला सीट दिली म्हणे!

मीनल_पासाडेना

महिला आरक्षण आणि मतदारसंघ फेररचनेच्या कालच्या धाग्यावर बोरूबहाद्दर यांनी जाता जाता पिंक टाकली: "अमेरिकेतही हेच. ती लॉस एंजेलिसची मेक्सिकन वंशाची पुढारी ग्लोरिया मोलिना घ्या. कोर्टाने नकाशा कापून दिला, आडनाव आणि बाईपण चाललं, जन्मभर खुर्ची. कर्तृत्व काय?" तिथेच उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून इथे लिहिते.

साहेब, ही बाई पहिल्यांदा निवडून आली १९८२ साली, कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर. त्यात कोर्टाचा काडीचा संबंध नाही. आर्ट टोरेस राज्याच्या सिनेटकडे निघाले, जागा मोकळी झाली आणि टोरेस व रिचर्ड अलाटोरे यांनी परस्पर ठरवून टाकलं की आता रिचर्ड पोलान्को. विधानसभेत फेररचनेची समिती तेव्हा याच अलाटोरेंकडे होती. म्हणजे नकाशाही यांचा आणि उमेदवारही यांचाच! मोलिनाला सांगितलं, तू थांब. बाई थांबली नाही. पिको रिव्हेराच्या मजुराची पोर, दहा भावंडांत थोरली. बापाला अपघात झाल्यावर विशीच्या आतच वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करून घर ओढलेली. तिने प्रायमरीत (म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत) पोलान्कोला पाडलं आणि त्या विधानसभेतली पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची बाई झाली.

पुढे राज्यपाल ड्यूकमेजियन यांनी ईस्ट एलएच्या, म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्तीच्या उशाशी तुरुंग आणायचा घाट घातला, तेव्हा ही विधानसभेत एकटी भांडत होती. बाहेर तिथल्याच बॉइल हाइट्स वस्तीच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून ऑलिंपिक बुलेव्हार्डच्या पुलावरून मोर्चे काढत होत्या. १९९२ ला तुरुंगाचा विषय कायमचा मिटला. आणि विधानसभेच्याही आधी, सत्तरच्या दशकात, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखीच) सरकारी रुग्णालयात मेक्सिकन बायकांच्या परस्पर नसबंद्या झाल्या त्याचा खटला उभा राहिला, तेव्हा तिची कोमिसिऑन फेमेनिल ही मेक्सिकन-अमेरिकन बायकांची संघटना त्यात उतरली होती. हे कर्तृत्व नसेल तर कर्तृत्व म्हणजे काय असतं ते तरी सांगा.

बोरूबहाद्दर

ताई, निबंध छान. १९८७ ची सिटी कौन्सिल (शहराची नगरपालिका) आणि १९९१ चं काउंटी बोर्ड (काउंटीचा कारभार बघणारं) मात्र सोयीस्करपणे गिळलंत. कौन्सिलचा नकाशा केंद्र सरकारने खटला भरला म्हणून बदलला. बोर्डाचा बदलला गार्झा खटल्यामुळे. दोन्ही वेळा नव्या मतदारसंघात बाईसाहेब हजर! आणि खरी सत्ता होती कुठे? विधानसभेत नाही, बोर्डावर. पाच जण आणि जवळपास नव्वद लाखांची काउंटी. तिथले लोक त्यांना 'पाच छोटे राजे' म्हणायचे ते उगाच नाही. ते राजेपद कोर्टाच्या कृपेचंच.

मीनल_पासाडेना

कृपा? १९९० ला त्याच गार्झा खटल्यात न्यायाधीश केन्यन यांनी काय म्हटलं ते वाचा. पाच गोऱ्या पुरुषांनी आपापल्या खुर्च्या टिकवण्यासाठी हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक वंशाच्या लोकांची) वस्ती जाणूनबुजून चिरली होती. १८७५ नंतर त्या बोर्डावर एकही हिस्पॅनिक निवडून आला नव्हता. चोरीचा माल परत मिळाला तर त्याला बक्षीस म्हणतात का? आणि आडनावाचं म्हणाल, तर १९९१ ला समोर कोण होतं? तेच आर्ट टोरेस! लॅटिनो आडनाव दोघांनाही होतं.

निवृत्त_हेडक्लार्क

नसबंदीच्या मुद्द्यावर थोडं. माझे वडील जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. १९७६ साली "केस द्या, नाहीतर पगार अडेल" असं तोंडी फर्मान होतं. वडील रोज संध्याकाळी सायकल काढून वाड्या-वस्त्यांवर फिरायचे. लोक लांबूनच त्यांना बघून शेतात पळायचे. ज्यांच्या पोरांना शिकवलं तेच पळायचे! शेवटी महिनाअखेरीला स्वतःच टेबलावर चढले. घरी आले ते कळकट धोतरात आणि हातात सर्टिफिकेट. आईने ते पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवलं, कागदपत्रांतही नाही, लुगड्यांखाली. अमेरिकेत निदान खटला तरी झाला.

चावट_चार्वाक

आला! आणीबाणी आली! कुठलाही धागा असो, गाडी १९७६ ला थांबतेच. हेडक्लार्क काका, विषय लॉस एंजेलिसचा आहे.

निवृत्त_हेडक्लार्क

विषय नसबंदीचा निघाला म्हणून बोललो. आपल्याच विधिमंडळाने १९७६ ला तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं हे तुमच्या पिढीला ठाऊक तरी आहे का? राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. विनोद करायला तुमचं काय जातं!

सुगरण_सातारा

काका, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका. आपल्याकडे गाजली ती पुरुषांची. तिकडे बायकांची, तीही ऐन बाळंतपणात. कळा सुरू असताना इंग्रजीतला कागद पुढे करून सही घ्यायची, बाईला फक्त स्पॅनिश येतं. काहींना वाटलं सिझेरियनची सही आहे. मला हे परकं वाटत नाही. माझ्या मावशीचं दुसरं सिझेरियन झालं, शुद्धीवर आल्यावर नर्स म्हणाली, "टाके घालतानाच उरकून टाकलं, मिस्टरांची सही घेतली होती." मावशी तेव्हा सव्वीसची. काकांना विचारलं तर म्हणे, मला वाटलं रक्ताच्या बाटलीची सही असेल. अजूनही तो विषय निघाला की ती पदर खोचून ओट्यापाशी निघून जाते.

चावट_चार्वाक

मग खटल्याचं काय झालं तेही सांगा की. १९७८ ला दहाही बायका हरल्या. न्यायाधीश म्हणाले, डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, संवादात गोंधळ झाला. विजय कसला साजरा करताय?

मीनल_पासाडेना

निकाल विरोधात गेला, पण त्या रेट्यामुळेच स्पॅनिशमध्ये संमतीपत्रं आली, सही आणि शस्त्रक्रियेच्या मध्ये थांबायची मुदत आली. पुढच्या बाईला त्याचाच उपयोग.

बोरूबहाद्दर

बरं झालं विषय काढलात. ते रुग्णालय चालवत होती काउंटी. काउंटीच्या बोर्डावर मोलिनाबाई १९९१ ते २०१४, तेवीस वर्षं. आणि बोर्डाने त्या बायकांची अधिकृत माफी मागितली कधी? २०१८ ला! बाईंच्या जागी हिल्डा सोलिस आल्यावर. तेवीस वर्षांत दोन ओळींचा ठराव सुचला नाही? खटल्यावर नाव कमवायचं आणि खुर्चीत बसलं की गप्प. हे मला आमच्या नगरपालिकेतल्या सगळ्यांत माहीत आहे.

सुगरण_सातारा

हा मुद्दा मात्र झोंबला. मीनलताई, उत्तर आहे का?

मीनल_पासाडेना

माफी आधी यायला हवी होती, मान्य. पण इतर चौघांना सोडून एकटीलाच का धरायचं? बोर्डावर ती खर्चाचा एकेक कागद उलटून अधिकाऱ्यांना घाम फोडायची, भांडखोर म्हणून बदनाम झाली. पुरुष असता तर 'कडक प्रशासक' म्हटलं असतं.

बोरूबहाद्दर

आलं, बाईपण आलं! ला प्लासा संग्रहालयाचंही सांगा मग. तिचा लाडका प्रकल्प. खोदकामात जुन्या दफनभूमीतले शंभरावर सांगाडे निघाले, स्थानिक आदिवासी भडकले. तिथे कडक प्रशासन कुठे गेलं होतं?

गोधडीवाली

मध्येच बोलते. ती गोधड्या शिवायची हे कुणी लिहिलंच नाही! ईस्ट एलएमध्ये बायकांचा गट होता, तेलास दे ला विदा, त्याच्या संस्थापकांपैकी ती एक. मला ती आवडते ती त्यासाठी. राजकारणातल्या किती जणांना सरळ टाका येतो?

चावट_चार्वाक

लोकांना टाका नको होता बहुतेक. २०१५ ला परत कौन्सिलला उभी राहिली आणि होजे हुइझारकडून सपाटून हरली.

मीनल_पासाडेना

त्याच हुइझारला लाचखोरीत २०२४ ला तेरा वर्षांची शिक्षा झाली. निवड लोकांची!

बोरूबहाद्दर

ठीक. १९८२ ची जागा तिने स्वतःच्या हिमतीवर मारली, घ्या, लिहून दिलं, फ्रेम करून लावा. माफीचं उत्तर अजून आलेलं नाही आणि १९९१ वर मी हटणार नाही. कोर्ट नसतं तर बोर्डावर आजही ते पाच राजेच असते.

मीनल_पासाडेना

अहो, तेच तर मी मघापासून सांगतेय! आणि २०२० पासून त्या बोर्डावर पाचही बायका आहेत.

बोरूबहाद्दर

मग आता पाच छोट्या राण्या. काउंटीचा खर्च कमी झाला का ते कळवा.

निवृत्त_हेडक्लार्क

१९७६ च्या विधेयकावर वेगळा धागा काढतो आहे. चार्वाकांनी तिकडे फिरकू नये ही विनंती.