विषय: अण्णांचा कॉम्प्युटर सारखा निळा पडायलाय, फॉरमॅट मारू द्यावा का?

प्रेषक: अंबाजोगाईकर, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईला अण्णांचा डेस्कटॉप पंधरा दिवसांपासून दिवसाला तीन-चारदा पडदा निळा होऊन बंद पडतोय. विंडोज १०, ८ जीबीच्या दोन रॅम (काम चालू असताना मजकूर तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या). फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, "अगं, पुन्हा निळं पडायलंय बघ." त्यांना पडद्यावरची अक्षरं वहीत उतरवून घ्यायला सांगितली. पहिल्या दिवशी मेमरी मॅनेजमेंट, दुसऱ्या दिवशी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, परवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.

गावातला दुकानदार म्हणतो, "सीपीयू आणून द्या, फॉरमॅट मारून देतो."

त्यानं डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, आणि माझा जीव अडकलाय तो आजोबांच्या आठवणींत. हैदराबाद मुक्तिसंग्रामातलं, १९३८ च्या सत्याग्रहापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचं सगळं आजोबांनी सांगितलेलं अण्णा दोन वर्षांपासून टाइप करतायत. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत होते तेव्हाचे प्रसंगही त्यात आहेत. कागदावर यातलं निम्मंही नाही. पेनड्राइव्हवर एक प्रत आहे, ती दिवाळीतली. काय करू?

---

प्रेषक: परभणीकर, शिकागो

ताई, राम राम.

फॉरमॅट मारू देऊ नका. आणि त्या पेनड्राइव्हला आज कुणी हात लावू नका.

दुसरं आधी सांगतो, कारण नुकसान तिथे होतं. रॅम खराब असली की कॉम्प्युटर नुसता बंद पडत नाही, तो चुकीचं लिहितोही. फाइल कॉपी होताना मजकूर रॅममधूनच जातो. तिथे एखादा बिट (० किंवा १ चा एक कण) उलटा झाला तर बिघडलेली फाइल गुपचूप डिस्कवर जाऊन बसते, आणि कॉपी झाली असं पडद्यावर दिसतं. घाबरून नवी प्रत जुन्यावर चढवली तर हातचंही जाईल. फॉरमॅटचंही तेच. त्याच रॅममधून विंडोज पुन्हा टाकलं तर आठ दिवसांनी पुन्हा निळं, आणि दोन वर्षांची मेहनत गेलेली. विंडोज अपडेट आणि डिस्क दुरुस्तीही तोवर थांबवा.

निळ्या पडद्यावर रोज वेगळा एरर कोड येतो म्हणून माझा पहिला संशय रॅमवर. एकच कोड आणि त्यात एकाच ड्रायव्हरचं (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव आलं असतं तर मी त्या ड्रायव्हरच्या मागे लागलो असतो. 'मेमरी कमी आहे' असा संदेश येणं हे प्रकरणही निराळं, तिथे रॅम भरलेली असते, बिघडलेली नसते.

आता अण्णांना व्हिडिओ कॉलवर घ्या. लाइटच्या बोर्डातून पिन काढायची, मग सीपीयूचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आतला उरलेला करंट जातो. झाकण उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आपल्याकडे कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीज रॅमला मारते. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे केल्या की रॅम वर येते. कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट नाही. त्या दातांवर काळपट थर दिसला तर शाळेतल्या पांढऱ्या रबरानं हलकेच पुसायचं आणि रबराचा भुगा कोरड्या ब्रशनं झाडायचा. रॅमच्या कडेची खाच जुळवून परत बसवताना दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज आला पाहिजे. आमच्या परभणीच्या घरी एवढ्यानंच काम झालं होतं. कूलरसमोर ठेवलेला सीपीयू, आत धुळीचा नुसता नमदा, आणि एक खिट्टी अर्धवट लागलेली.

यानं भागलं नाही तर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या. वेगळा पेनड्राइव्ह, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर तयार करायचा. ही चाचणी विंडोजबाहेर चालते, म्हणून डिस्कला धक्का लागत नाही. रात्रभर चालू द्या. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक असतं, पण ते पास झालं म्हणून मी रॅमला चांगली म्हणत नाही, अधूनमधून होणारी चूक त्यातून निसटते. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तरी ती एररच. 'दहाच आहेत, चालेल' असं यात नसतं.

एरर आली तर एकेक रॅम एकट्यानं, मदरबोर्डवरच्या (रॅम बसते त्या मुख्य पाटीवरच्या) त्याच खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, तपासा. खराब निघेल ती दुसऱ्या खाचेतही लावून बघा. दोन्हीकडे तीच नापास झाली तर रॅम गेली. एका खाचेत दोन्ही नापास झाल्या तर मदरबोर्डकडे बघायचं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सोय, चालू असेल तर आधी बंद करा, कधीकधी वाढवलेला वेग रॅमला झेपत नाही, एवढंच कारण असतं.

---

प्रेषक: नांदेडकर, बहरीन

काकांचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालते. आमच्या नांदेडच्या घरी हीच लक्षणं होती आणि दोन्ही रॅम चांगल्या निघाल्या. दोष एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा होता. उन्हाळ्यात दिवसातून दहादा लाइट जायची, इन्व्हर्टरवर पलटताना झटका बसायचा. एसएमपीएस बदलला आणि थांबलं. म्हणून दोन्ही रॅम दोन्ही खाचांत नापास झाल्या तर नव्या रॅमचे पैसे घालायच्या आधी तिकडे बघा. आणि वायरमनला बोलावून त्या बोर्डाचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात बऱ्याचदा वायरच नसते.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर, मेलबर्न

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार.

अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे. फोन आईच्या हातात, आणि अण्णा देवघरातली समई उजळावी तसे एकेक दात पुसत होते. मध्येच म्हणाले, "हे तर जानव्याहून नाजूक हाय." पुसून बसवलं तरी दुसऱ्या दिवशी निळं पडलंच. मग शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं पेनड्राइव्ह तयार करून दिला. पहाटे आईचा फोन, "पडदा लाल झालाय." एक रॅम दोन्ही खाचांत नापास, दुसरी रात्रभर स्वच्छ. खराब रॅम काढून डब्यात ठेवली. आज नववा दिवस, ८ जीबीवर नीट चाललंय.

त्यानंतरच फाइली नव्या पेनड्राइव्हवर घेतल्या, दिवाळीची प्रत तशीच ठेवून. अण्णांनी एकेक फाइल उघडून पाहिली. रझाकारांच्या काळात गाव सोडून रानात काढलेल्या रात्रींचं प्रकरण उघडलं नाही. तेवढं दिवाळीच्या प्रतीतून आणलं. शेवटची चार पानं त्यात नव्हती, ती अण्णा आठवून पुन्हा लिहितायत. अर्थिंगचंही खरं निघालं, तिसऱ्या भोकात वायर नव्हती. वायरमन सोमवारी येतोय.

रॅमचं बिल सापडलंय, वॉरंटीचं विचारते. तोवर मंडळींपैकी कुणी या महिन्यात लातूर-अंबाजोगाईकडे जाणार असेल तर कळवा. एक बाहेरची हार्ड डिस्क अण्णांना पोचवायची आहे.