दोन कॅथेटरच्या मधल्या वेळात लघवी गळते. पाणी कमी प्यावे का?

प्रश्न

माझे वय ३४ वर्षे आहे. चौदा महिन्यांपूर्वी ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूचा दाह) झाल्यामुळे माझा मज्जारज्जू छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर बाधित झाला असून मी व्हीलचेअर वापरतो. दिवसातून चार वेळा स्वतः कॅथेटर (लघवी काढण्याची बारीक नळी) घालून मूत्राशय रिकामे करतो. गेल्या महिन्यापासून मात्र मधल्या वेळात, विशेषतः पाय एकदम ताठ होऊन थरथरले की, लघवी गळते आणि कपडे भिजतात. कामावर पुन्हा रुजू झालो असल्याने दुपारपर्यंत जेमतेम एक पेला पाणी पितो. तरीही गळती थांबलेली नाही, उलट लघवी गडद आणि उग्र वासाची झाली आहे. मूत्राशय शांत ठेवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन हे औषध चालू आहे, पण त्याने तोंड सतत कोरडे पडते. कायमची नळी बसवून घेतली तर हा प्रश्न सुटेल का? कधी कॅथेटरला उशीर झाला की डोके ठणकते आणि चेहऱ्यावर घाम येतो, पण तो बहुधा कामाचा ताण असावा.

उत्तर १ (अकरा वर्षांपासून व्हीलचेअरवर)

तुम्ही जाता जाता लिहिलेले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर भरलेले मूत्राशय रक्तदाब अचानक वाढवू शकते, कारण इजेच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्या सैल करण्याचा मेंदूचा संदेश खाली पोहोचत नाही. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आणि डोके ठणकणे व चेहऱ्यावर घाम येणे ही त्याचीच लक्षणे असू शकतात. असे झाले की ताठ बसावे, पाय खाली सोडावेत, पट्टे व घट्ट कपडे सैल करावेत आणि लगेच मूत्राशय रिकामे करावे. एवढे करूनही रक्तदाब उतरला नाही, तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. आपल्यासारख्यांचा नेहमीचा रक्तदाब पुष्कळदा कमीच असतो, म्हणून वरचा आकडा १३० किंवा १४० दिसला की समोरच्याला ते ठीक वाटते, पण नेहमीपेक्षा २० ते ४० ने झालेली वाढसुद्धा गांभीर्याने घ्यावी लागते. मी माझा नेहमीचा आकडा आणि या त्रासाचे नाव लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवतो. (एकदा ते घरी विसरलो आणि डोकेदुखीची गोळी हातात घेऊन परत आलो, तेव्हापासून दुसरे कार्ड व्हीलचेअरच्या पिशवीत असते.)

पाणी तोडण्याचा प्रयोग मीही केला आहे. त्याने खडे आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता वाढते, शिवाय बद्धकोष्ठ होते, आणि तुंबलेले आतडे मूत्राशयावर दाबून गळती वाढवते.

उत्तर २ (पुनर्वसन विभागातील परिचारिका)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तुमच्यासारख्या इजेत मूत्राशय स्वतःहून आकुंचन पावते आणि पुष्कळदा त्याच वेळी मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायूही आवळला जातो. मग आत दाब साठतो आणि तो वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून कपडे कोरडे आहेत म्हणजे मूत्रपिंडे सुरक्षित आहेत, असे धरून चालत नाही. हा दाब युरोडायनॅमिक तपासणीत मोजता येतो. तुमची ती तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाली नसेल तर युरॉलॉजिस्टांकडे आग्रह धरावा.

त्याआधी तीन दिवस वही ठेवावी: किती वाजता किती प्यायलो, कॅथेटरने किती लघवी निघाली, केव्हा गळली. दर वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल, तर चारऐवजी पाच किंवा सहा वेळा कॅथेटर करावे लागेल. २०० मिलीवरच गळत असेल, तर वेळापत्रकाचा दोष नसून मूत्राशयच अतिचपळ आहे, आणि तेव्हा औषध बदलण्याचा किंवा मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्स टोचण्याचा विचार होतो. त्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो. मिराबेग्रॉन या दुसऱ्या औषधाने तोंड सहसा इतके कोरडे पडत नाही, परंतु ते रक्तदाब वाढवू शकत असल्याने तुमच्याबाबतीत ते डॉक्टरांनीच ठरवावे.

नुसत्या वासावरून मात्र प्रतिजैविक घेऊ नये. कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू पुष्कळदा सापडतात आणि लक्षणे नसतील तर त्यांवर औषध देत नाहीत. तुमच्याकडे नव्याने सुरू झालेली गळती आणि पायांचा ताठरपणा ही लक्षणे आहेत, तेव्हा नव्या कॅथेटरने घेतलेला नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) द्यावा.

उत्तर ३ (मानेची इजा, पोटातून नळी)

माझ्या बोटांत ताकद नसल्याने मला स्वतः कॅथेटर घालता येत नाही, म्हणून बेंबीच्या खालून थेट मूत्राशयात बसवलेली नळी मी सहा वर्षे वापरते आहे. कायमची नळी म्हणजे हार, असे मानण्याचे कारण नाही. परंतु नळी असली तरी मूत्राशयाचे झटके थांबत नाहीत, आणि झटक्यासरशी लघवी नळीच्या बाजूने किंवा मूत्रमार्गातून बाहेर येतेच. मूत्राशयात खडेही होतात. माझे दोनदा काढावे लागले. तुमचे हात शाबूत आहेत, त्यामुळे आधी वरचे उपाय करून पाहावेत, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वही ठेवली. दिवसा २५० ते ३०० मिली निघते आणि तरीही गळते. सकाळी उठल्यावर मात्र ७०० मिली निघाली. रात्री मी काहीच पीत नाही, मग एवढी येते कुठून? डोके ठणकले तेव्हा रक्तदाब मोजला; १५२ होता, नेहमीचा १०४ असतो. नमुना दिला आहे आणि युरॉलॉजिस्टांची वेळ परवाची मिळाली आहे.

उत्तर १ (अकरा वर्षांपासून व्हीलचेअरवर)

दिवसभर बसून पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि त्याची लघवी होते. संध्याकाळी तासभर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत आणि झोपण्याच्या अगदी आधी कॅथेटर करावे; तरीही सकाळी ५०० मिलीपेक्षा जास्त निघाली, तर रात्री एकदा गजर लावून उठावे लागेल. १५२ हा आकडा, वेळ आणि त्या वेळी निघालेली लघवी वहीत लिहून ठेवावी, आणि परवा वही उघडण्याआधी तेच सांगावे.