मदत हवी आहे: वायरिंग तेव्हा ‘पास’ झालं होतं, मग आता दुरुस्ती कोणी करायची?

नमस्कार मंडळी,

म्हापशात एका जुन्या इमारतीतला फ्लॅट आम्ही घेतला आहे. इमारत 1988 ची. पाऊस लागल्यापासून सासूबाईंनी ओल्या पायांनी फ्रिज उघडला की बोटांना झिणझिण्या येतात, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळं तपासून घेतलं.

फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंग (गळालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) नाहीच. मीटरजवळच्या लाकडी बोर्डावर फेजलाही (वीज आणणारी तार) किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा जुना फ्यूज) आणि न्यूट्रललाही (वीज परत नेणारी तार). पण खरी धडकी भरली ती गीझरचं सॉकेट उघडल्यावर. अर्थची पिन तांब्याच्या एका बारीक तुकड्याने थेट न्यूट्रलला जोडलेली! त्याने समजावलं ते असं: न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, आपण म्हणतो लाइट गेली. पण दुसऱ्या खोलीतल्या बल्बचं बटण जरी चालू राहिलं, तरी त्या बल्बमधून फेज न्यूट्रलवर येतो आणि तिथून गीझरच्या टाकीवर. त्या अंधारात कोणी नळाला हात लावला तर? तेव्हापासून अंघोळीचं पाणी गॅसवर तापवतोय.

आधीचे मालक म्हणतात, टेस्ट रिपोर्ट दिल्यावरच मीटर मिळाला होता, तेव्हा पास होतं, आता आमचा संबंध नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही. वीज कार्यालयात सांगितलं, मीटरपुढचं तुमचं तुम्ही बघा. इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा तर पेव्हर ब्लॉकखाली गेलाय.

मला पैशांपेक्षा आधी हे कळायला हवं, की कायद्याने कोणतं काम कोणाचं? घरात लहान मुलगा आहे, चतुर्थीला पाहुणे येतील, त्याआधी हे झालंच पाहिजे.

प्रतिसाद

ताई, गीझर बंद ठेवलात ते उत्तम केलंत. फ्रिजही अर्थिंग होईपर्यंत वापरू नका.

‘तेव्हा पास होतं’ याला फारसा अर्थ नाही. न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज किंवा स्विच घालायला 1956 च्या वीज नियमांतच मनाई होती, म्हणजे 1988 मध्येही ते चूकच होतं. आणि तो रिपोर्ट कायमचा दाखला नव्हे. ग्राहकाच्या वायरिंगची पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी व्हावी, असं त्याच नियमांत होतं. आपल्या ताब्यातलं वायरिंग सुरक्षित ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी, हे तेव्हाही होतं आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांतही आलं. तेव्हा फ्लॅटच्या आतलं काम आज तुमचंच.

पण मीटरपाशी ग्राहकासाठी अर्थिंगचं टर्मिनल देणं आणि ते नीट ठेवणं हे पुरवठादाराचं काम आहे. ते आहे का, जमिनीशी नीट जोडलेलं आहे का, एवढं लेखी विचारा. तोंडी बोलून काही होत नाही. खड्डा आणि वर येणारी मुख्य लाइन सामाईक, म्हणून तो खर्च सोसायटीचा. सेक्रेटरींना पत्र देऊन पोच घ्या. ऐकलं नाही तर विद्युत निरीक्षकाकडे अर्ज करता येतो.

आधीच्या मालकांचं म्हणाल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. मात्र त्यांना ठाऊक होतं हे सिद्ध करावं लागेल. त्यासाठी वकील गाठा, पण दुरुस्ती त्यावर अडवून ठेवू नका. उद्या लागतील म्हणून सॉकेटचे, बोर्डाचे फोटो काम सुरू होण्याआधी तारखेसह काढून ठेवा.

कामाचा क्रम असा ठेवा: तो तांब्याचा तुकडा आधी काढायचा, न्यूट्रलचा फ्यूज रद्द करायचा, वेगळी अर्थ वायर खेचायची, मग 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंगशिवाय नुसती आरसीसीबी बसवून कोणी मोकळा होऊ पाहत असेल तर होऊ देऊ नका. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरने (तारांचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासणी. इन्सुलेशनचा रोध किमान 1 मेगओहम यायला हवा. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात, म्हणून ही तपासणी आत्ताच, भर पावसात करून घ्या.